तीन नंबरचा माइक

सभागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत मी बसतो.
बोलणाऱ्याचा आवाज उचलतो, खोकला कापतो.
मनामाच्या या इमारतीत बारा वर्षं
मी कुणाच्याच बाजूने नव्हतो,
फक्त खरखरीच्या विरुद्ध.

लुलवाबाईंचा माइक तीन नंबरचा.
त्यांचा काटा कधी लालमध्ये जात नाही.
बोलण्याआधी त्या चष्मा काढतात, पुसतात,
घालतात आणि परत काढतात.
नव्या सभासदांना वाटतं, बाई गोंधळल्या.
मी तेवढ्यात बटणावर बोट ठेवतो.

त्या दिवशी मुलांचा कायदा होता.
सात नंबर गरजला : आधी कर्तव्यं लिहा, हक्क मागून बघू!
बाकं वाजली.
मी सात नंबर दोन खुणा खाली आणला,
तरी तो ऐकू येतच होता.

बाई उठल्या. भाषण नाहीच.
कलम चार : मुलाने थोरांची सेवा करावी.
"वय किती?"
कलम पाच : मुलाने घराचा भार वाटून घ्यावा.
"किती किलो?"
कुणीतरी हसलं. हसू संपेपर्यंत त्या थांबल्या,
मग तोच प्रश्न, त्याच पट्टीत,
गोदीतला कारकून विचारतो तसा.

मग आजोबांचं सांगितलं, तेही थोडक्यात.
नवव्या वर्षी मुहर्रकहून मोत्यांच्या गलबतावर चढले.
शिंपले उघड, पाणबुड्यांना पाणी दे, मार खा.
बाप बुडाला त्या हंगामात नाखुद्याने
(आमच्या मालवणात त्यालाच नाखवा म्हणतात)
वहीतलं बापाचं नाव खोडून पोराचं लिहिलं.
रक्कम तीच ठेवली.

"कर्तव्य हा शब्द आमच्या घरात त्या वहीतून आला.
माझा त्याला विरोध नाही.
रकमेखाली सही कुणाची, एवढंच मी बघते."

पुढची दुपार एका शब्दावर गेली.
अरबी मला कामापुरतीच कळते :
आकडे, आभार, दोन-चार शिव्या,
आणि 'कुल्ल', म्हणजे प्रत्येक.
प्रत्येक मूल, की प्रत्येक नागरिकाचं मूल?
दुभाष्या घोटभर पाणी प्यायला.
मी घड्याळ पाहिलं : दीड.

दीड वाजता गुदैबियाच्या तिसऱ्या मजल्यावर
माझी वल्लरी गळ्यातल्या किल्लीने दार उघडते.
अकरा वर्षांची. भावाला बालवाडीतून आणते,
वरण गरम करते, मला एकच अक्षर पाठवते : 'हो'.
म्हणजे गॅस बंद केला.
तिच्या निवासाच्या कागदावर माझं नाव,
माझ्या कागदावर कंपनीचं.
तिला मी शहाणी म्हणतो.
शहाणी गं माझी ती, तिची आईही फोनवरून म्हणते,
दवाखान्याच्या दुसऱ्या पाळीतून.
केवढा मोठा हिशेब आम्ही त्या एका शब्दात
गुंडाळून ठेवलाय.

मतदान पुढच्या अधिवेशनावर गेलं.
सात नंबरने सगळ्यांना खजूर वाटला, मलाही.
चांगला होता.

जाताना बाई काचेशी थांबल्या.
"आवाज ठीक होता?"
ठीक होता, म्हटलं.
"मुलं आहेत?"
दोन.
"वय किती?"
मी सांगितलं. त्या तशाच उभ्या राहिल्या,
मला वाटलं आता दुसरा प्रश्न येणार.
पण त्यांनी चष्मा घातला आणि गेल्या.

संध्याकाळी लिफ्ट बंद होती.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वल्लरी भेटली,
दुकानातून येत होती,
खांद्यावर झोपलेला सुहृद, बोटांत दुधाची पिशवी.
मी हात पुढे केले.
"असू दे बाबा," ती म्हणाली,
"आता उठेल तो. सवय आहे मला."

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर
मी त्याला उभा केला.
सोळा किलो.