चौथं पातं

शहाद्याहून निघताना तेरा-चौदाचा पाना घरीच राहिला.
धडगावात आठवलं.
त्यापुढे घाट, मग रस्ता संपतो
आणि नर्मदेचं थांबलेलं पाणी सुरू होतं.

दवाखान्याची बोट काठाला बांधलेली.
सायसिंगनं इंजिनावर पालथा हात ठेवला,
म्हणाला, "ताप उतरत नाही हिचा."
रेजलीबाई सिस्टर लसींची पेटी सावलीसोबत सरकवत होत्या.
बर्फ दुपारपर्यंतचा.

मी आजवर तापीकाठची इंजिनं उघडलेली,
केळीला पाणी पाजणारी.
उखर्डू मिस्त्रीनं चार शब्दांत शिकवलेली:
वढ. दाब. पेट. फेक.
"याले काडी लागत नही, पोरा.
हवाले इतकी दाब का तीच तपी जास.
मंग डिझेलना एक फवारा. बस."

हेही तसंच.
तोच दट्ट्या, खालीवर सोडून ज्याला काही येत नाही.
तोच कनेक्टिंग रॉड, ते खालीवर
क्रँकच्या हवाली करणारा, तिथे ते गोल होतं.
चारांतला एकच फेरा कमावतो, तीन बसून खातात;
फ्लायव्हील त्या एकाची कमाई धरून ठेवतं,
बाजारच्या पैशावर आठवडा काढावा, तसं.

फरक पाण्याचा.
शेतातलं इंजिन पाणी दुसऱ्याला देतं,
बोटीचं आधी स्वतः पितं.
तळाला भोक, भोकाला जाळी,
मग सहा पात्यांचं रबरी चक्र,
ते नदीला नळ्यांच्या जुडग्यात ढकलतं.
नळ्यांच्या आत नदी, बाहेर इंजिनाचं घरचं हिरवं पाणी.
दोघं शिवत नाहीत एकमेकांना.
ऊब तेवढी इकडची तिकडे जाते.
मग नदी धुरात मिसळून मागच्या पाइपातून थुंकली जाते.

जाळी उघडली. चिखल, सागाच्या पानाच्या शिरा,
एक कुजलेली टोळंबी.
पंपाचं झाकण काढलं.
सहापैकी दोन पाती उभी.

नवं चक्र डब्यात होतं. "लावा की," सायसिंग म्हणाला.
लावलं नाही.
मिस्त्री मेला त्याला नऊ वर्षं झाली, तरी कानाशी बोललाच:
"तुटनं ते गये कोठे, आधी ते इचार."

एक तुकडा पंपातच. दुसरा नळीच्या वळणात.
तिसरा कूलरच्या तोंडाशी,
सायकलच्या आऱ्यानं ओढून काढला.
वर्तमानपत्रावर मांडले,
तुटलेल्या कडा एकमेकींना लावून पाहिल्या.
सिस्टरांनी पेटीचं झाकण उघडलं, तळवा आत धरला,
पुन्हा लावलं. काही बोलल्या नाहीत.
त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चौथं मिळालं, पण पुरतं नाही.
नखाएवढा कोपरा कमी.
आऱ्या एकेका नळीतून फिरवला, दोनदा.
नाहीच.

शेवटी जोडलं सगळं, तेरा-चौदाचं काम पकडीनं.
सायसिंगनं बटण दाबलं.
इंजिन धरलं, खोकलं, लागलं.
आम्ही तिघं मागे धावलो, पाइपाकडे बघायला.
कोरडा धूर.
मी आकडे मोजत होतो. अकराला
पाइप थुंकला.
सिस्टर हसल्या, मग लगेच वर चढल्या.

मी उतरायला हवं होतं. दोर हातात होता.
तो नखाएवढा तुकडा आत कुठेतरी होता,
एखाद्या नळीला आडवा व्हायची वाट बघत,
किंवा केव्हाच नदीत गेलेला.
मी दोर सोडला आणि आत उडी मारली.

शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी गळत होतं.
"हेही बिघडलं?" सायसिंगनं विचारलं.
म्हटलं, हे गळायलाच हवं. थेंब, थांबून थेंब.
अगदी कोरडं आवळलं तर शाफ्ट जळतो.
त्यानं मान हलवली
आणि पंख्याला उलटा गिअर देऊन बोट काठापासून सोडवली.

त्या दिवशी मी पाच पाडे पाहिले,
गरम नळीवरून हात न काढता.