पंचफुलाचा उजवा हात

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे.
पंचफुलाचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा,
जुन्या लुगड्याच्या पट्टीत गळ्यात अडकवलेला.
विहिरीवर नाही, वावरात नाही,
आपल्याच स्वयंपाकघरात पडली,
सांडलेलं तेल पुसायला फडकं आणायला उठली तेव्हा.

मी एसटीत कंडक्टर होतो. दारव्हा डेपो, एकतीस वर्षं.
रात्री पैसे मोजून दिले की दिवस मिटायचा.
चार आणे कमी पडले तर खिशातून भरायचे,
सही करायची, घरी यायचं.
ताट वाढलेलं असायचं. ताटाखालची जमीन
मी कधी पाहिली नव्हती.

आता ती दारात बाजेवर बसते, आणि सांगत राहते:
"फडा आडवा धरा. उभा धरला का धूळ उडते."
"थे पहिले कोरडं झाडा, मंग ओलं फडकं मारा."
"वरणाचा गंज भिजू द्या न जरा, काहून घाई करता?"
मी पऱ्हाटीची राख घेतो, नारळाची शेंडी घेतो,
आणि गंजाच्या बुडाशी हुज्जत घालतो,
जसा एखादा विदाऊट तिकीट गडी
लाडखेडला उतरायलाच तयार नाही.

ओटा पुसला, तेवढ्यात कणकेचा हात लागला.
कणीक झाकली, तोवर वरण उतू गेलं.
वरण पुसलं, तर शेगडीच्या पायाशी
तुरीच्या डाळीचे चार दाणे,
त्यांच्यामागे मुंग्यांची रांग.
बाहेर शेहेचाळीस डिग्री, गल्लीत कुत्रं नाही,
आणि यांची ड्युटी सुरू.
इथला हिशोब कधी जमाच होत नाही.
रात्री निजताना सगळं लखलखीत,
पहाटे ओट्याच्या मधोमध चहाचं एक वर्तुळ,
माझ्याच कपाचं.

नवव्या दिवशी ज्वारीची कोठी सरकवली.
मागे निघालं: प्रफुलचं शाळेतलं खोडरबर,
दोन बिब्बे, एक वाळून कागद झालेली पाल,
आणि ती सांडशी,
जिच्यापायी मी बेबीनंदाच्या पोराला
भर अंगणात चोर म्हटलं होतं.
"मले माहीत होतं," पंचफुला म्हणाली.
सांडशीचं?
"नाही. पालीचं. वास येत होता."
तिच्या एकटीनं कोठी हलत नव्हती.
किती वर्षं, ते मी विचारलं नाही.

सांडशी घेऊन बेबीनंदाकडे गेलो. काय बोलायचं ते सुचेना.
तिनं वाटीभर जवसाची चटणी दिली, एवढंच.
येताना वाटीचा काठ मी शर्टानं पुसला.

चुलीशेजारच्या भिंतीवर,
बसल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर,
एक काळा, चकचकीत डाग.
साबण लावला. सोडा लावला. घासणी फाटली.
मग ध्यानात आलं, शेवटची भाकर फुगेपर्यंत
ती इथे डोकं टेकवून बसते.
केसांचं तेल आहे हे. रोजचं.
माझा हात थांबला.
वाटलं, एवढं राहू द्यावं.
दारातून आवाज आला,
"काय झालं? घासा न. तेलकट हाय थे."
घासलं. थोडा फिका झाला. गेला नाही.

काल प्लास्टर कापलं.
आतून निघालेला हात बारीक, सुरकुतलेला,
पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखा.
घरी आल्या आल्या चप्पल काढून ती आत गेली.
ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं,
बोटाकडे पाहिलं, पदराला पुसलं,
चांगलं म्हणाली नाही, वाईटही नाही.
शेगडी उचलून खाली वाकून पाहिली.
मग फडकं शोधायला लागली,
खिडकीत, नळावर, खिळ्याला, दाराआड.

मी गप्प राहिलो.
फडकं माझ्या खांद्यावर होतं.