व्हॅलेन्सिया, २६ जानेवारी

नकाराच्या कागदावर एका ओळीपुढे खूण होती:
अर्जदार मुदतीत परत जाईल
याची खात्री पटत नाही.

अर्जदार म्हणजे गुणवंत मारोतराव निनावे, वय अडुसष्ट,
माझे बाबा,
जे बुटीबोरीच्या लग्नातूनही रात्री घरी येतात
कारण दुसऱ्याच्या उशीवर डोळा लागत नाही.
त्यांनी कागद दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
मग पोट धरून हसले:
"मी वापस येनार नाही म्हन्ते! मी!"

तोवर रोशननं फोनवर सांगितलेली यादी
विजेच्या बिलामागे लिहून झाली होती.
शहरात पाहण्यासारखी दहा ठिकाणं.
सव्वीसला सकाळी स्वेटर, मफलर, स्कूटरला किक.
"बस मागं. पाहून येऊ सारं."

बुरूज यादीत चौथा, पण आम्ही आधी तिथंच,
कारण सीताबर्डीचा किल्ला रोज उघडत नाही.
जन्मभर खालून पाहिलेला.
रांगेत कागदी झेंडे, जिलबीचे हात, एनसीसीची पोरं.
वर गेल्यावर बाबांनी घर शोधायला घेतलं:
ती पाण्याची टाकी, तिच्या डावीकडं...
नाही, ती दुसरी टाकी.
घर सापडलंच नाही.
"लय बांधलं लोकायनं," एवढंच म्हणाले.

मग चर्च. तिथल्या चर्चमध्ये एक पेला आहे,
जगातला सगळ्यात पवित्र, असं तिथले लोक मानतात.
आम्ही सदरला चर्चच्या भिंतीलगत
काचेच्या पेल्यातून कटिंग प्यालो.
बाबांनी पेला उन्हात धरून पाहिला
आणि बिलावर टिक केली.

रेशमाचा बाजार. दगडी खांब म्हणे पिळाचे,
सुताला पीळ द्यावा तसे.
इतवारीत सुट्टी, शटरं खाली.
बाबांनी स्कूटर तांडापेठेत घातली,
जिथं त्यांच्या बापाचा खड्डामाग होता
तिथं आता मोबाईल रिचार्ज.
"इथं पाय लोंबकळत," पायरी दाखवून ते म्हणाले,
"अन् किनार इकून यायची."
दुकानातल्या पोरानं विचारलं, "कितीचा मारू?"
बाबांनी दोनशे एकोणचाळीसचा मारला.

नदी सातवी.
तिथं एकदा पूर आला, तर त्यांनी नदीच शहराबाहेर वळवली
आणि जुन्या पात्रात बाग केली, मैलोनमैल,
पुलांखालून आता सायकली जातात.
आम्ही मोक्षधामच्या पुलावर थांबलो.
खाली नाग नदी, नावापुरती,
काळं पाणी, त्यात एक झेंडूची माळ अडकलेली.
बाबांनी यादी काढली नाही.
मी म्हटलं, आईला नऊ वर्षं झाली ना?
ते म्हणाले, "गाडीची हवा कमी वाटते."

आठ, नऊ राहिले. ऊन चढलं होतं.

रात्री रोशनचा फोन. तिकडं संध्याकाळ.
तो कॅमेरा खिडकीबाहेर फिरवतो:
रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्री लगडलेली,
लोक खालून चाललेत, कुणी वर पाहत नाही.
"कडू असतात, बाबा. कोणी खात नाही."
"मंग लावता कायले?"
"शोभेला."

रोशन चोवीसचा होता तेव्हा
ह्याच खिडकीवर त्याचा अर्ज गेला होता.
दोन वर्षांत परत येईन, लिहून दिलेलं.
खात्री पटली होती.
आता त्याची मुलगी मराठी बोलताना
मध्येच थांबून शब्द शोधते,
जशी बाबांनी टाकीच्या डावीकडं बोट नेऊन
आमची गच्ची शोधली होती.

बाबा संत्रं सोलतात. काटोलचं, सैल सालीचं.
एक फोड पडद्यापुढं धरतात:
"हे पाय, गोड हाय."
चित्र तिकडं अडकलेलं. रोशनचं तोंड अर्धं उघडं.
बाबा हात तसाच ठेवतात.
रस मनगटावरून स्वेटरात जातो.

मग ती फोड ते मला देतात,
आणि बिल उलटं करून बघतात
शेवटची तारीख कधीची आहे.