हरू उठा

आधी दोन गोळ्या होत्या, मग ही तिसरी आली.
आरोग्य केंद्रातल्या उईके मॅडम म्हणाल्या,
हिला अल्फा ब्लॉकर म्हणतात.
रक्ताच्या नळ्या आवळून बसल्यात तुमच्या,
ही त्यांना सैल सोडते.
आणि रात्री चार-चारदा उठता ना,
तेही जरा कमी होईल.
बाहेर बाकावर बयनाबाई बसली होती,
मी उगाच खोकलो.

पहिली गोळी निजताना, त्या म्हणाल्या.
उठताना आधी कूस, मग पाय खाली,
मग जरा बसा, मग उभे व्हा.
मी म्हटलं, मॅडम, मी ऑर्गनवाला.
दिवाळी झाली की मंडई, शंकरपट, नाटकं.
वडशाहून गाडी निघते, पडदा उघडतो अकराला,
आणि हरवलेली लेक बापाला भेटते
तेव्हा गावात कोंबडा आरवत असतो.
यातली माझी रात्र कोणती?

त्या हसल्या. पाकिटावर चंद्र काढून दिला.

मी चंद्र बघूनच घेतली.
कोंढाळ्याला, मेकअपच्या तट्ट्यामागे, चहासोबत.
तासाभराने पूजेची हाक आली.
नारळ फोडायचा मान तीस वर्षं माझा,
मी झटक्यात उभा राहिलो.
हॅलोजन लांब लांब गेले,
तबला कुणीतरी विहिरीच्या तळाशी वाजवू लागलं,
आणि मी ऑर्गनवर आडवा.
मिळतील तेवढे सूर एकदम ओरडले.
तणसावर बसलेल्या दीड हजार माणसांनी
टाळ्या दिल्या.
शुद्धीवर आलो तेव्हा खलनायक
माझे पाय उचलून धरून होता,
मिशी अर्धीच चिकटलेली.

होळीच्या तोंडावर पडदा ओढणाऱ्या प्रणयला
त्याच तणसात विंचू चावला.
पोरगं घामानं भिजलं, हातपाय गार.
मॅडमनी त्याला जी गोळी दिली
तिची पट्टी मी लांबून ओळखली.
ही तर माझी, मी म्हटलं.
त्या म्हणाल्या, तुमचीच. विषानंही नळ्या आवळतात.

उजाडता परत निघालो.
जीपमध्ये सगळे पोराची थट्टा करत होते.
त्याचा इच्चू सापडला होता,
चपलेखाली मेलाही होता.
मला कोणता चावला, कुठल्या गावी,
कुठल्या अंकात?
एवढी वर्षं आवळून धरलं,
ते काय धरलं होतं?

आता मॅडमशी ठरलंय,
मी निजतो ती रात्र.
गोळी घेतो तेव्हा अंगणात सडा पडत असतो.
दुपारी डोळे उघडले की आतून आवाज येतो,
हरू उठा जी.
मी कूस वळतो. पाय सोडतो.
सारवलेली भुई तळव्यांना गार लागते.
बसून राहतो.
बयनाबाई दारात येते, कायची वाट पायता?
रक्ताची, मी म्हणतो.
मागे राहिलंय.
येऊ दे त्याला.