सहावी फरशी

आमच्याकडे कॅलेंडर आहे, किराणावाल्याने दिलेलं,
दुधाचे खाडे मांडण्यापुरतं.
महिना कुठला ते जायफळ सांगते.

मार्गशीर्षात ती दक्षिणेच्या खिडकीपासून सहाव्या फरशीवर,
ऊन तिथवर येतं म्हणून.
माघात चौथ्या. होळीच्या सुमारास दुसरीवर,
अंग सावलीत, शेपूट उन्हात.
वैशाखात ऊन बाहेरच्या बाहेर डोक्यावरून जातं
आणि ती मोरीत, ओल्या कोब्याला पोट लावून
अशी पडते की माझा पाय लागला तरी
डोळा उघडत नाही. मीच सॉरी म्हणते.

माझं मशीन त्याच खिडकीत.
फॉल, पिको, ब्लाउज सैल करून मिळतील.
ट्यूबखाली दोऱ्याचा रंग खोटं बोलतो.
मला ऊन लागतं, तिला ऊन लागतं,
अकरा वर्षं आम्ही ते वाटून घेतोय.
ती जास्त घेते.

तुरटीचं तसं नाही. पांढरी, दीड वर्षाची,
तिला ऋतूबितू कळत नाहीत, तिला रीळ कळतं.
आश्विनात पहाटे गल्लीभर बुचाची फुलं पडतात.
लांब देठाचं एक तोंडात धरून ती तीन जिने चढली
आणि माझ्या उशीवर ठेवलं, उंदीर ठेवावा तसं.
वास अजून जिवंत होता.
त्याआधी श्रावणात हीच बया चिखलाच्या पायांनी
घारपुरेबाईंच्या नारायणपेठीवरून चालत गेली होती.
चार पावलं. पदरावर.
मी रिठ्याच्या पाण्याने पुसली आणि गप्प बसले.
घारपुरेबाई म्हणाल्या,
काठ कसा उठून दिसतोय हो आता.

मागच्या वर्षी समोरची सोसायटी पाडली.
चंद्रमौळी नाव तिचं. नावाला जागून
शेवटची दहा वर्षं गळायचीच.
तिच्याबरोबर शिरीष गेला,
शिरीषातले राघू तळजाईकडे गेले.
गणपतीला चार मजले, दिवाळीला सात.
मी मजले मोजत होते,
जायफळ फरश्या.

मार्गशीर्ष लागला. ती सहाव्या फरशीवर जाऊन बसली.
ऊन नव्हतं.
पंजे आत दुमडून बसली,
एसटी लेट आहे, येईल,
अशा बेताने.
दुपारपर्यंत. दुसऱ्या दिवशीही.
मी खाली गोणपाट घातलं, माझा जुना स्वेटर घातला,
पद्मावतीहून सुकट आणली
पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी,
कारण आमच्या जिन्याला नाक आहे.
खाल्लं तिने. उठली नाही.
मीही ट्यूब लावून बसले. एका आमसुली साडीला
वांगी दोऱ्याने अख्खा फॉल लावला
आणि अख्खा उसवला.

आठवडा गेला असेल.
चार वाजता चहाला उठले तर ही ओट्यावर.
ओट्यावर ती कधी चढत नाही, तेवढी रीत आहे तिला.
मिसळणाच्या डब्याला टेकून, डोळे मिटून,
आणि पाठीवर ऊन.

पूर्वेच्या स्वयंपाकघरात. चार वाजता.

खिडकीतून वाकून पाहिलं.
त्या इमारतीच्या जिन्याला कधीतरी तिरकी काच बसवलीय,
उतरतं ऊन तिच्यावर आपटून
वाट चुकल्यासारखं आमच्याकडे वळलंय.
पोळपाटाएवढं. फार तर वीस मिनिटं टिकेल.
हे तिला कुणी सांगितलं?
मला तर चंद्रमौळीच्या लोकांनी पेढे देतानाही
काचेचं काही सांगितलं नव्हतं.

चहा उतू गेला. जाऊ दे.
धावत जाऊन दोन्ही रिळं आणली,
तिला म्हटलं, सरक थोडी.
सरकली नाही.
मग तिच्याच पाठीवर धरून पाहिली.
हे आमसुली.
हे वांगी.

वांगी तुरटीने पळवलं.