खडी

खुब्यात माझ्या आता एक धातूचा गोळा आहे.
थंडी वाढली की माझ्याआधी तो जागा होतो.

व्यायाम शिकवायला येते ती वेन्ला,
नातीच्या वयाची, हात मात्र लोहाराचे,
म्हणाली, हेल्वी, रोज चाळीस पावलं.
चालले.
दारापासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून दारापर्यंत.
मध्ये भिंतीवर तळ्याचं एक चित्र आहे.
चाळीस पावलांत ते दोनदा येतं.
आठवड्याभरात त्या तळ्याचा असा वीट आला
की खिडकीबाहेरचं खरं तळंही
मी पडदा ओढून बंद करून टाकलं.

झोप येईना. जेवण जाईना.
आज वार कोणता, हे गोळ्यांच्या डबीला विचारायचं.

मग फेब्रुवारीत एका सकाळी, उणे चौदा,
कुणाला न सांगता तळघरात उतरले
आणि तोइवोची घसरगाडी ओढून काढली.
दोन लांब पोलादी पट्ट्या, पुढे लाकडाची खुर्ची,
एक पाय पट्टीवर, दुसऱ्यानं बर्फाला लाथ.
बस, एवढंच यंत्र.
हिच्यावरूनच त्यानं मला बाळंतपणाला नेलं होतं,
खुर्चीत मी, पोटात मार्केत्ता,
आणि मागून हा, दर उताराला, "घट्ट धर गं."

घट्ट धरलं.
नाकातले केस कडक झाले.
डोळ्यांतून पाणी आलं, रडण्याचं नव्हे.
किती दिवसांनी माझ्या शरीरात काही घडत होतं
ज्याचं कारण डॉक्टर नव्हता.

तळ्यावर आर्वो बसलेला, बर्फाला भोक पाडून,
गळ सोडून, स्वतःही गोठल्यासारखा.
म्हणाला, "आलीस."
तीन आठवड्यांनी म्हणाला, "वारा आहे आज."
त्याच्या मानानं हे भाषण झालं.
मधल्या दिवसांत त्यानं मला मासे दिले,
बोटभर, काटेरी, पट्ट्यापट्ट्यांचे.
लोण्यात तळले, राईच्या पावाबरोबर खाल्ले,
तव्यावरचं लोणीसुद्धा पुसून खाल्लं
आणि ढाराढूर झोपले, मोजे तसेच पायात.

वेन्लानं रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला.
"काय करतेयस तू?"
"चाळीस पावलं," मी म्हणाले.

एप्रिलात मात्र गाडी दगा देऊन गेली.
सकाळी जाताना रस्ता काचेसारखा,
दुपारी येताना बर्फ विरघळून खाली गेलेला
आणि नगरपालिकेनं हिवाळाभर टाकलेली खडी
सगळी वर.
पट्ट्या किंचाळल्या. ठिणगी उडाली, खोटं नाही सांगत.
गाडी थांबली तिथेच, आणि मी जवळजवळ पुढे.

घर एक किलोमीटर.
रस्त्यावर चिटपाखरू नाही.
आर्वो लांब, पाठमोरा, आणि बहिरा.
तोइवोला शिव्या घातल्या. त्याला सवय आहे,
मेल्यावरही असेल.
मग गळपट्टा सोडला, गाडीला बांधला,
आणि ओढत निघाले.

बऱ्याच वेळानं लक्षात आलं
की मी कशालाच धरलेलं नाही.

पावलं मोजत होते. चारशे बारा, चारशे तेरा,
इतक्यात बर्चच्या शेंड्यावर कुणी तरी बोललं,
एकच ओळ, शेवटाला गिरकी घेऊन,
पुन्हा तीच, पुन्हा तीच, हट्टी पोरासारखी.
नाव जिभेवर येऊन अडलं.
उभी राहिले. गोळाही उभा राहिला, न कुरकुरता.
पेइप्पो!
दक्षिणेकडून आला की वसंत आला म्हणायचं.
मी मोठ्यानं म्हटलं, ऐकायला कुणी नसताना,
आणि पुढचा आकडा विसरले.

दुसऱ्या दिवशी वेन्ला दारात उभी, भुवया वर.
"हेल्वी, अख्ख्या कॉरिडॉरभर ही खडी कुणाची?"
दारापासून लिफ्टपर्यंत
करड्या दाण्यांची माग काढता येईल अशी रेघ होती.
फक्त चित्रासमोर जरा जास्त सांडलेली.
तिथे मी काल थांबले होते थोडी.

चित्रात अजून बर्फ आहे.