सहा फुटांवरून, सहा इंचांवरून

सव्वीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यात होते,
डॉक्टरांच्या उजव्या हाताला.
आ करा. चूळ भरा. थुंका.
एक्कावन्नाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं,
तर पहिल्याच तासाला थर्झा पास्क बाईंनी
काडीला कापूस गुंडाळून हातात दिला,
म्हणाल्या, जिभेवर फिरवा.
दीडशे वर्षांची काजळी थुंकीने निघते,
इतकं सौम्य बाटलीत काही मिळत नाही.

आम्ही नऊ जण, नऊ खुर्च्यांपुढे
उष्टा कापूस घेऊन ओणवे.
ऑटिली, वय एकोणीस, लाजली.
डेन्झिलने, ज्याने जन्मभर ट्रकमधून कोबी वाहिला,
आधी तोंडातली पुदिन्याची गोळी काढून
रुमालात जपून ठेवली.

खिडकीबाहेर सपाट काळी शेतं, सरळ कालवे,
वाऱ्याला अडवायला काही नाही.
आत पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं.
साठ अंशांपुढे जायचं नाही.
वास कातड्याचा, हाडांचा. अंगावर घरी गेला
की मांजर दारापासून मागे मागे.
सरसच का? तर सुटतो म्हणून.
ऊब, ओल, थोडा धीर,
आणि मी नसताना कुणीतरी
माझं काम न मोडता उकलेल.
जे परत फिरवता येत नाही ते करू नका, बाई म्हणाल्या.
दवाखान्यात हे वाक्य भिंतीवर नव्हतं.
तिथे आम्ही काढलेलं ट्रेमध्ये टाकायचो, टण्.

कीड मात्र माझ्या ओळखीची.
निरोपाला घड्याळ नको म्हणून
मी जी वाकडी सुई मागून घेतली होती
ती अक्रोडाच्या पायात शिरली
की कुठे टणक, कुठे नुसता भुसा,
डोळ्यांआधी बोटांना कळायचं.
सगळे बघायला यायचे.
मला जरा चढलीच.

म्हणून लीमिंगांचं चार खणांचं कपाट आलं
तेव्हा तिसऱ्या खणाच्या कडेला ठोकलेला पत्रा,
मोहरीच्या डब्याचं पिवळं झाकण, चार बारीक खिळे,
मी पहिल्याच दुपारी उपटून काढला.
फोटो न काढता.
बाई ओरडल्या नाहीत. पत्रा आणि खिळे पिशवीत घातले,
पिशवीवर तारीख लिहिली,
तारखेखाली माझं नाव.

मग आठ आठवडे मी त्या कडेला तुकडा बसवला.
दाण्याला दाणा, लाखेचे एकवीस हात.
नियम असा: सहा फुटांवरून दिसू नये,
सहा इंचांवरून लपू नये.
झाला होता तसाच. अजूनही म्हणेन, झाला होता.

मालक आले, काठी टेकत, कोटाला शेताचा वास.
सुरेख, म्हणाले. मग खण ओढायला वाकले
आणि हात मुठीला लागण्याआधीच
उजवा अंगठा आत दुमडला गेला,
जिथे पत्रा नव्हता तिथून दूर.
दोनदा. त्यांच्या लक्षातही आलं नाही.
'आई कातरीने कापत होती ते झाकण,' एवढंच म्हणाले,
'पुराच्या वर्षी. कड घासायची राहून गेली.'

नवरा बुडाला होता का, गुरं गेली होती का,
मी विचारलं नाही.
बाई टेबलावरची धूळ झटकत होत्या, जी नव्हती.

कपाट त्या दिवशी गेलं नाही.
पिशवी उघडली. चार भोकं, माझ्या तुकड्याच्या पलीकडे,
मी त्यांना बुजवायला विसरले होते.
हे एक विसरणं कामी आलं.
खिळे तेच, जुने, एक थोडा वाकलेला, तसाच ठोकला.
डेन्झिलने कानस पुढे केली, कड गोल करायला.
मी मान हलवली.

माझा देखणा तुकडा आता पत्र्याखाली आहे,
सहा इंचांवरूनही दिसत नाही.
अहवालात लिहिलं:
पत्रा काढला, विद्यार्थिनीची चूक.
पत्रा परत लावला.
कडेला धार आहे. राहू द्यावी.